दिवे उतरवणार कोण?

तीन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदाच घराच्या दर्शनी भागावर सणाची रोषणाई करण्याचे काम बाहेरच्या कारागिरांना दिले. सणाच्या रात्री घर फार सुंदर दिसले, हे मी आजही मान्य करते. पण सण संपून दोन महिने झाले तरी माळा उतरवायला कोणी आले नाही आणि फोनही कोणी उचलेना, तेव्हा माझ्या भावाने गच्चीवरून वाकून त्या एकेक ओढून काढल्या. कठड्याच्या गिलाव्यात ओळीने खिळे ठोकून त्यांभोवती वायर गुंडाळली आहे, हे आम्हाला त्या वेळी प्रथम दिसले. एका ठिकाणी तर खिळा वायरच्या प्लास्टिकच्या आवरणातून आरपार गेला होता. पुढच्या पावसात त्या भोकांमधून पाणी आत झिरपले आणि वरच्या खोलीच्या भिंतीवर ओलीचा लांबच लांब पट्टा उमटला.

तेव्हापासून हे काम कसे चालते, हे मी मन लावून समजून घेतले आहे. दोन वर्षे दुसऱ्या कारागिरांकडून काम करून घेतले, त्यांच्या हाताखाली उभी राहिले आणि पुष्कळ प्रश्न विचारले. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. रोषणाई लावणाऱ्याची पारख दिवे लागल्यावर होत नाही, तो दिवे उतरवण्याबद्दल काय बोलतो यावरून होते. उतरवण्याचा विचार आधी केलेला असला, तर माणूस खिळा ठोकत नाही, जोडांवर चिकटपट्टीचे थर चढवत नाही आणि वायर पन्हाळीत कोंबत नाही, कारण ते सारे सोडवायला आपल्यालाच परत यायचे आहे हे त्याला ठाऊक असते.

हे काम घरच्या घरी का करू नये, असे मला अनेकांनी विचारले आहे. एकमजली घर असेल, कठड्यापर्यंत जमिनीवरून हात पोहोचत असेल किंवा माळ फक्त बाल्कनीच्या आतल्या बाजूने लावायची असेल, तर जरूर घरीच करावे. त्यासाठी कोणाला बोलावण्याची गरज नाही. मात्र शिडी लावावी लागली, की गोष्ट बदलते. आमच्या घरी अनेक वर्षे बाबाच शिडीवर चढत असत, आणि खाली शिडी धरून उभी असताना माझा जीव टांगणीला लागलेला असे. टेकवायची शिडी जितकी उंच टेकते त्याच्या चौथा भाग इतके तिचे पाय भिंतीपासून दूर असावेत, म्हणजे चार मीटर उंचीला एक मीटर, असा साधा नियम आहे. गच्चीवर किंवा छतावर पाय ठेवायचा असेल, तर शिडीची वरची टोके त्या कडेच्या वर सुमारे एक मीटर निघालेली असली पाहिजेत. शहरातल्या गल्लीत हे अंतर मिळतच नाही. भिंतीपासून एक मीटरवर फुटपाथ संपतो, त्यापुढे उभ्या केलेल्या दुचाक्या असतात किंवा गटाराचे झाकण असते, आणि मग माणूस शिडी उभट लावतो. उभट लावलेली शिडी मागे कलंडते आणि फार तिरपी लावलेली शिडी खालून सरकते. एका हातात माळ आणि दुसऱ्या हातात क्लिप धरून वर चढणाऱ्याला धरायला हातच उरत नाही, आणि बहुतेक घरगुती अपघातांचे मूळ इथेच असावे असे मला वाटते.

दुसरा धोका डोक्यावरच्या वीजवाहिन्यांचा. जुन्या वस्त्यांमध्ये खांबांवरून घरांकडे येणाऱ्या तारा पहिल्या मजल्याच्या उंचीवरून जातात. ॲल्युमिनियमची शिडी उचलून फिरवताना तिचे टोक कुठे जाते, याकडे खालच्या माणसाचे लक्ष नसते. शिडी आणि माणूस अशा तारांपासून किमान तीन मीटर दूर राहिले पाहिजेत, आणि तेवढी जागा नसेल तर वीज न वाहणारी फायबरग्लासची शिडी आणूनही प्रश्न सुटत नाही, कारण माणसाचा स्वतःचा हात आणि त्याच्या हातातली वायर तिथे पोहोचू शकते. चांगला कारागीर अशा बाजूला काम करायला सरळ नकार देतो. गेल्या वर्षी आमच्या घराच्या डाव्या कोपऱ्यावर माळ लावायला आमच्या कारागिराने नाही म्हटले. मला थोडे वाईट वाटले, तरी त्याच नकारामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला.

विजेच्या दिव्यांची रोषणाई सुरुवातीला जाणकाराशिवाय होतच नव्हती. 1882 साली न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातल्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे 80 विजेचे दिवे लावले, तेव्हा प्रत्येक दिव्याची तार हातानेच जोडावी लागत होती. पुढे वीस वर्षे, ज्याला अशी आरास हवी असेल त्याला वायरमन बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हते. 1903 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आधीच तारा जोडलेल्या माळा बाजारात आणल्या आणि त्यानंतर हे काम हळूहळू घरोघरच्या हाती आले. तयार माळेमुळे दिवे जोडण्याचे कसब अनावश्यक झाले खरे. पण उंचीवर चढण्याचे, भार मोजण्याचे आणि पाणी अडवण्याचे कसब तिने कमी केले नाही, आणि आज आपण पैसे देतो ते याच कसबाचे.

आता पहिल्या भेटीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते निवड त्याच वेळी होते. गेल्या वर्षी मी तिघांना घर बघायला बोलावले होते. पहिल्याने मोबाइलवर वीस फोटो दाखवले आणि कोणता रंग हवा असे विचारले. दुसऱ्याने घर न बघताच फोनवर आकडा सांगितला. तिसरा माणूस आला, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, बराच वेळ घराकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, बाहेरचा पॉइंट कुठे आहे आणि तो कोणत्या एमसीबीवर आहे, ते आधी दाखवा." एमसीबी म्हणजे भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच. त्यानंतर त्याने मोजपट्टीने कठड्याची, छज्जाची आणि खिडक्यांच्या चौकटींची लांबी घेतली, गच्चीचा दरवाजा रात्री उघडा मिळेल का हे विचारले, आणि शेवटी मी न विचारताच सांगितले, की सण संपल्यावर किती दिवसांत तो माळा उतरवेल. काम त्यालाच दिले.

विजेच्या भाराबद्दल लोकांचा समज आता उलट्या बाजूने चुकतो, असे माझे निरीक्षण आहे. पूर्वीच्या तापणाऱ्या तारेच्या शंभर बारीक दिव्यांच्या माळेला साधारण 40 वॅट लागत. एलईडीच्या तेवढ्याच माळेला 5 ते 7 वॅट पुरतात. वीस माळांचा हिशेब केला तर 800 वॅटच्या जागी 100 ते 140 वॅट येतात. त्यामुळे आता कितीही माळा जोडल्या तरी चालेल असे गृहीत धरले जाते, आणि ते खरे नाही. एकामागे एक किती माळा जोडता येतील याची मर्यादा चांगल्या माळेच्या वेष्टनावर छापलेली असते, कारण शेवटच्या माळेचा प्रवाह पहिल्या माळेच्या बारीक तारेतूनच जातो. एलईडीला लागणारे ट्रान्स्फॉर्मर आणि ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज दिव्यांना हवी तशी करून देणाऱ्या पेट्या, चालू होण्याच्या पहिल्या क्षणी खूप मोठा प्रवाह ओढतात, आणि असे बरेच ड्रायव्हर टायमरने एकाच वेळी सुरू झाले, तर एकूण भार कमी असूनही एमसीबी पडतो. कमी व्होल्टच्या लांब माळांमध्ये आणखी एक अडचण येते: तारेच्या लांबीबरोबर व्होल्टेज घसरत जाते आणि शेवटाकडचे दिवे मंद दिसतात. अशा वेळी जाणकार माणूस माळ मधूनच वीज देऊन जोडतो. आमच्याकडे काम संपल्यावर त्याने क्लॅम्प मीटर लावून प्रत्यक्ष किती अँपिअर जात आहेत हे मोजले आणि तो आकडा मला कागदावर लिहून दिला. एवढी शिस्त असलेला माणूस मिळाला, तर त्याला सोडू नये.

जुन्या माळांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ घरांत त्या अजून खोक्यात पडलेल्या असतात आणि "आमच्याच माळा लावा" असा आग्रह केला जातो. बारीक दिव्यांच्या जुन्या माळेत दिवे एकसरीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, जोडलेले असतात. एखाद्या दिव्याची तार जळली तरी त्याच्या तळाशी असलेला बारीक तारेचा वळसा प्रवाह पुढे जाऊ देतो, म्हणून बाकीचे दिवे चालू राहतात. पण गेलेल्या दिव्याच्या वाट्याचे व्होल्टेज उरलेल्यांवर वाटले जाते, ते अधिक तापतात आणि लवकर जातात. दोन-चार दिवे गेलेली माळ तशीच लावून ठेवणे म्हणजे बाकीच्या माळेचे आयुष्य कमी करणे. कारागीर अशी माळ लावायला नकार देत असेल, तर तो नवा माल खपवायला बघतो आहे असे लगेच समजू नये.

पाणी हा या कामातला सर्वांत मोठा शत्रू आहे. दिव्यांच्या वेष्टनावर आयपी हा शब्द आणि दोन आकडे असतात: पहिला आकडा धूळ व बारीक वस्तूंपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे. आयपी 44 म्हणजे कोणत्याही बाजूने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण, तर आयपी 65 म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि पाण्याच्या फवाऱ्यापासूनही बचाव. परंतु माळ कितीही चांगली असली तरी पाणी शिरते ते जोडांमध्ये. दोन माळांचा जोड किंवा प्लग जमिनीवर पडू न देता उंच बांधावा, त्याचे तोंड खाली असावे, आणि सॉकेटकडे जाणारी वायर आधी सॉकेटच्या खाली उतरून मग वर यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जाते व सॉकेटमध्ये शिरत नाही. जोडावर चिकटपट्टीचे थर गुंडाळणे बघायला सुरक्षित वाटते, पण बहुतेक वेळा त्याने आत गेलेले पाणी कोंडून राहते. बाहेरच्या सर्व दिव्यांची वीज 30 मिलिअँपिअरला तुटणाऱ्या आरसीसीबीमधून आलेली असली पाहिजे. प्रवाह ठरलेल्या वाटेने परत न येता माणसाच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून गळू लागला, की हे उपकरण क्षणात वीज तोडते. साधा एमसीबी हे काम करत नाही, तो फक्त जास्त भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो. पहिल्या दमट रात्री आरसीसीबी पडला म्हणून तो बाजूला काढून थेट जोडणी करून देणारे लोकही असतात. अशा माणसाला त्याच क्षणी थांबवावे.

माळा कशाने धरून ठेवायच्या, यावर मी आता काटेकोर आहे. पन्हाळीच्या काठावर, कौलांच्या टोकाला, लोखंडी कठड्याला आणि विटांच्या सांध्याला बसणाऱ्या निरनिराळ्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, आणि जिथे यांपैकी काहीच बसत नाही तिथे आधी एक बारीक तार किंवा दोरी ताणून तिच्यावर माळ बांधता येते. खिळा आणि स्टेपल यांना माझ्या घरात आता जागा नाही. पाण्याच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपाला दोर बांधून माणूस खाली उतरू लागला, तर तेही थांबवावे, कारण ते पाइप माणसाचे वजन पेलण्यासाठी लावलेले नसतात. उंचावर काम असेल तर कमरेचा नुसता पट्टा पुरत नाही. पूर्ण शरीराला बसणारा हार्नेस आणि तो अडकवायला भक्कम जागा हवी. झाडांबाबत एवढेच, की खोडाभोवती माळ सैल असावी आणि हंगाम संपताच निघावी, कारण खोड जाड होत जाते आणि घट्ट राहिलेली वायर सालीत रुतते.

नीट ओळीत बसलेली रोषणाई आणि आपण स्वतः लावलेली रोषणाई यांत जो फरक दिसतो, त्याचे कारण मला कारागिराच्या हाताखाली उभे राहिल्यावर समजले. त्यांच्याकडे ठरावीक अंतरावर होल्डर बसवलेली लांब तार गुंडाळीत येते. ती ते घराच्या मापाने जागेवरच कापतात आणि टोकाला प्लग बसवतात. त्यामुळे माळ बरोबर कोपऱ्यावर संपते आणि जादा लांबी कुठे गुंडाळून लपवावी लागत नाही. दुकानातली तयार एलईडी माळ अशी कापता येत नाही, कारण तिच्यातले दिवे गटागटाने एकसरीत जोडलेले असतात. कापून बसवलेल्या या माळा मालकीच्या कोणाच्या, हे मात्र आधी विचारून घ्यावे. काही कारागीर माळा भाड्याने देतात आणि सणानंतर घेऊन जातात. काही त्या आपल्याला विकतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. भाड्यात साठवण्याची आणि दुरुस्तीची काळजी मिटते, पण पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जायचे तर सारे नव्याने करावे लागते.

हे सगळे लेखी असावे. किती मीटर माळ, कोणत्या बाजूला, कोणत्या रंगाचा प्रकाश, हंगामात एखादी माळ बंद पडली तर किती तासांत येणार, उतरवण्याची तारीख कोणती, आणि भिंतीला इजा झाली तर भरपाई कोण करणार. याखेरीज कामगारांचा अपघात विमा आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा आहे का, हे विचारायला संकोच करू नये. वर काम करणारा माणूस पडला तर त्याच्या घराचे काय होणार, हा प्रश्न आपल्या पैशांइतकाच आपला आहे, असे मला मनापासून वाटते. उतरवण्याच्या कामाचे पैसे मी आता शेवटपर्यंत राखून ठेवते, आणि हे आधीच मोकळेपणाने सांगते. चांगल्या कारागिराने आजवर त्याला हरकत घेतलेली नाही. सणाच्या आदल्या आठवड्यात बोलावणे मात्र टाळावे. त्या दिवसांत हीच माणसे दिवसाला चार-चार घरे करतात, रात्री उशिरापर्यंत शिडीवर असतात, आणि थकलेल्या माणसाच्या हातून कामही बिघडते आणि जीवही धोक्यात येतो.

शहरात घर एकट्याचे नसते. आमच्या कठड्यावरचे दिवे आम्हाला दिसतच नाहीत. ते समोरच्या घरातल्या काका-काकूंना दिसतात, आणि त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकीच आमच्या गच्चीसमोर आहे. पहिल्या वर्षीचे आमचे दिवे निळसर पांढरे आणि लुकलुकणारे होते. काकांनी तक्रार केली नाही, पण त्या महिन्यात त्यांच्या खिडकीवर आतून चादर टांगलेली दिसे, आणि त्याचे कारण माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारा घटक असतो आणि त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो. हा निळा घटक शोधून काढल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या छटेचा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला सर्वांत जास्त अडवतो, आणि कीटकही त्याच प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. म्हणून आता आम्ही 2700 केल्विनचा उबदार पिवळसर प्रकाश घेतो, तो स्थिर ठेवतो आणि टायमरने रात्री साडेदहाला बंद करतो. सगळ्या माळा एकाच कंपनीच्या आणि शक्यतो एकाच खेपेच्या घेतो, कारण दोन कंपन्यांचे "वॉर्म व्हाइट" शेजारी शेजारी लावले की एक पिवळे आणि दुसरे गुलाबीसर दिसते, आणि ते एकदा दिसले की डोळ्यांना खुपत राहते.

शेजाऱ्यांना आणखी एका कारणाने आधी सांगावे लागते. शिडी त्यांच्या दारासमोर येते, गाडी हलवावी लागते, कधी सामाईक गच्ची वापरायची असते, आणि सामाईक मीटरवरून वीज घ्यायची तर सर्वांची संमती हवी. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला किंवा टेलिफोनच्या तारेला माळ बांधणे बेकायदा असू शकते आणि धोक्याचे तर असतेच. उचलणारी यांत्रिक शिडी आणायची असेल, तर रस्ता अडवण्याची परवानगी कोण काढणार हेही ठरवून घ्यावे. गेल्या वर्षी आम्ही गल्लीतल्या पाच घरांनी मिळून एकाच कारागिराला काम दिले. त्याला शिडी एकदाच आणावी लागली, फुटपाथ एकाच सकाळी अडला, आणि पाचही घरांचा प्रकाश एका रंगाचा झाल्यामुळे गल्ली पहिल्यांदाच एकसंध दिसली.

संध्याकाळी अंधार पडेपर्यंत तो थांबला होता. दिवसाउजेडी सरळ वाटलेली एक ओळ दिवे लागल्यावर मध्येच झुकलेली दिसली, ती त्याने पुन्हा चढून ताणली. समोरच्या काकांना खाली बोलावून त्याने विचारले, "काका, तुमच्या खिडकीत काही टोचतंय का?" काकांनी वरच्या कोपऱ्यातले तीन दिवे दाखवले, आणि त्याने ते तिन्ही थोडे खाली वळवले.

सण संपल्यावर नवव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, सकाळी आठ वाजता तो दारात हजर होता. माळा त्याने खालून ओढल्या नाहीत. क्लिप एकेक सोडवत गेला आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या पुठ्ठ्यावर गुंडाळला. पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहिले: कठडा उजवा, कठडा मधला, छज्जा, पहिली खिडकी. सुटे दिवे आणि उरलेल्या क्लिपा एका पिशवीत भरून त्याने पिशवीवर संख्या लिहिली. मग मी गच्चीवर जाऊन कठड्यावरून हात फिरवला. तीन वर्षांपूर्वीची भोके बुजवल्याचे खडबडीत ठिपके हाताला लागत होते. नवे भोक एकही नव्हते.